पीएलसीचे इनपुट मॉड्यूल सुरक्षितपणे कसे बसवावे : बेळगाव परिसरातील कारखान्यांसाठी मार्गदर्शन

उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील फाउंड्री आणि मशीन शॉप असोत किंवा संकेश्वर, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यातील साखर कारखाने असोत, रिलेंनी भरलेल्या जुन्या पॅनेलांची जागा आता बहुतेक ठिकाणी पीएलसीने (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरने) घेतली आहे. लिमिट स्विच दाबला गेला का, पाण्याचा प्रवाह सुरू आहे का, गार्ड बंद आहे का, टाकीतील पातळी किती आहे, हे सारे पीएलसीला कळते ते इनपुट मॉड्यूलमधून. मोटार चालवणाऱ्या आउटपुटची जोडणी करताना सगळे सावध असतात, पण इनपुटच्या बाजूला ‘चोवीस व्होल्ट तर आहेत’ असे म्हणून काम उरकले जाते. वास्तविक मोटार सुरू करायची की थांबवायची हे इनपुटच्या सांगण्यावरूनच ठरत असते आणि ते सांगणे खोटे ठरले तर आउटपुटची जोडणी कितीही निर्दोष असली तरी यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तिचा उपयोग नसतो.

या कामात दोन धोके आहेत. बंद दिसणाऱ्या पॅनेलमध्ये कुठून तरी वीज शिल्लक असते, हा काम करणाऱ्याचा धोका. सेन्सर, केबल किंवा जोड बिघडलेला असूनही मॉड्यूल ‘सर्व ठीक आहे’ असे दाखवते, हा यंत्राजवळील इतर कामगारांचा धोका. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींभोवती आहेत. पॅनेलचे काम करण्याचा परवाना किंवा कारखान्याकडून लेखी अधिकार असलेल्या व्यक्तींसाठीच हा मजकूर लिहिला आहे, आणि मॉड्यूलसोबत आलेल्या माहितीपत्रकात यापेक्षा वेगळे काही सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे.

कामाची वेळ आणि यंत्राची अवस्था

पीएलसीची वीज बंद होताच सर्व आउटपुट बंद होतील, हे गृहीत धरून आधी विचार करावा की त्यामुळे यंत्रात नेमके काय घडेल. हायड्रॉलिक प्रेसचा वर धरलेला भाग खाली येईल का, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब अडकून राहील का, न्यूमॅटिक क्लॅम्प सुटून जॉब पडेल का, होइस्टला लॅडल (वितळलेला धातू नेण्याचे भांडे) लटकत आहे का? लटकलेले वजन जमिनीवर टेकवून, दाब मोकळा करून आणि आवश्यक तेथे यांत्रिक आधार लावूनच पुढे जावे.

फाउंड्रीतील इंडक्शन भट्टीबाबत यापेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते. भट्टीच्या कॉइलमधून फिरणाऱ्या थंड पाण्याचा प्रवाह आणि तापमान दाखवणारे स्विच बहुधा याच मॉड्यूलवर आलेले असतात आणि पाण्याचा पंपही काही ठिकाणी याच पीएलसीवर चालतो. भट्टीत वितळलेला धातू असताना किंवा भट्टीचे अस्तर तापलेले असताना पाणी थांबले, तर कॉइल जळून पाणी धातूपर्यंत पोहोचू शकते आणि वितळलेल्या धातूखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. म्हणून भट्टी पूर्ण रिकामी करून, अस्तर पुरेसे थंड झाल्यावरच हे काम हाती घ्यावे आणि पाण्याचा पंप पीएलसीविना स्वतंत्रपणे चालतो, हे त्याआधी प्रत्यक्ष चालवून पाहावे. ‘एक हीट संपली, दुसरी लावायच्या आत मॉड्यूल बदलू’ असा आग्रह उत्पादन विभागाकडून झाला तर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारावा.

साखर कारखान्यात बगॅसवर चालणारा बॉयलर बटण दाबताच थंड होत नाही. भट्टीत जळते इंधन असताना ड्रमच्या पाण्याची पातळी पीएलसीला दिसणे थांबता कामा नये, त्यामुळे चालू बॉयलरच्या रॅकला हात लावू नये. गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणून मॉड्यूल वाढवण्याची कामे ओव्हरहॉलिंगच्या काळात ठेवलेली चांगली. मात्र तो काळ पावसाळ्याचा असतो. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पॅनेलमध्ये, विशेषतः हीटरही बंद ठेवला असेल तर, टर्मिनलांवर दमटपणा साठतो. नवे मॉड्यूल बसवण्यापूर्वी असे पॅनेल आतून कोरडे करून घ्यावे.

काम सुरू करण्याआधी पीएलसीच्या प्रोग्रॅमची प्रत काढून सुरक्षित ठेवावी आणि सध्याच्या जोडणीची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत. नवे मॉड्यूल जुन्या रॅकला चालते का, बॅकप्लेनवरून (रॅकमधील मॉड्यूलांना जोडणाऱ्या मागच्या पट्टीवरून) ते किती विद्युतप्रवाह घेईल आणि पॅनेलमधील २४ व्होल्टच्या एसएमपीएसमध्ये (एसीपासून डीसी पुरवठा देणाऱ्या उपकरणात) तेवढी क्षमता शिल्लक आहे का, हे कागदावर मांडून पाहावे.

वीज खरोखर बंद झाली आहे का

पॅनेलचा मुख्य आयसोलेटर बंद केला म्हणजे पॅनेल मृत झाले, असे कधीही मानू नये. इनपुटच्या टर्मिनलांवर येणाऱ्या तारा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या असतात. जुन्या पॅनेलांत कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे ११० व्होल्ट असतात, पीएलसीला यूपीएसवरून वेगळा पुरवठा असतो, आणि मोटार चालू असल्याची खूण एमसीसीतून (मोटारींच्या मुख्य नियंत्रण पॅनेलमधून) येत असेल तर ती तिथल्या फीडरचे २३० व्होल्ट घेऊन आपल्या टर्मिनलवर हजर असते. आपला आयसोलेटर बंद असला तरी ती तार जिवंतच राहते. त्यात भर म्हणून बहुतेक कारखान्यांत डीजी सेट आपोआप सुरू होणारे पॅनेल असते. हेस्कॉमचा (वीज वितरण कंपनीचा) पुरवठा गेलेला आहे म्हणून काम सुरू केले आणि काही सेकंदांत जनरेटरने वीज परत आणली, असे घडू शकते. तेव्हा पुरवठा गेलेला असणे हा वीज बंद केल्याचा पुरावा होत नाही.

नकाशावरून या सर्व स्रोतांची यादी करावी, प्रत्येक ठिकाणी स्विच बंद करून स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. दोघे काम करत असतील तर दोघांची दोन कुलपे हवीत. कुलपासोबत लावायच्या सूचनापट्टीवर नाव, विभाग आणि वेळ लिहावी. आपल्या भागातील एकाच शिफ्टमध्ये मराठी वाचणारे, कन्नड वाचणारे आणि उत्तर भारतातून आलेले केवळ हिंदी वाचणारे कामगार एकत्र असतात, म्हणून ‘काम सुरू आहे, स्विच चालू करू नये’ ही सूचना तिन्ही भाषांत छापून ठेवावी. ज्याला पट्टी वाचता येत नाही त्याच्याकडून स्विच चालू झाला तर दोष त्याचा नाही.

त्यानंतर तपासणी करावी. पेचकसात दिवा असलेला टेस्टर यासाठी पुरेसा नाही, कारण तो डीसी पुरवठा विश्वासाने दाखवत नाही आणि त्याचा दिवा खराब असला तरी तो ‘वीज नाही’ असेच सांगतो. किमान कॅट तीन (मापन उपकरणांची सुरक्षिततेची श्रेणी) दर्जाचा मल्टिमीटर घ्यावा, तो आधी वीज असलेल्या माहितीच्या ठिकाणी लावून चालतो का पाहावे, मग बंद केलेल्या टर्मिनलांवर मोजावे आणि शेवटी पुन्हा वीज असलेल्या ठिकाणी लावून मीटर मधल्या काळात बिघडला नाही याची खात्री करावी. प्रत्येक इनपुट टर्मिनल कॉमनशी (सर्व इनपुटांच्या सामायिक टर्मिनलशी) आणि अर्थशी, आधी एसी व मग डीसी अशा दोन्ही श्रेणींत मोजावे. सोळा किंवा बत्तीस टर्मिनलांसाठी हे कंटाळवाणे असले तरी बाहेरून आलेली एखादी तार याच वेळी सापडते. त्याच पॅनेलमध्ये ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण) असेल तर त्याच्यावर छापलेली प्रतीक्षेची मिनिटे पूर्ण होईपर्यंत आत हात घालू नये, कारण त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद झाल्यावरही प्राणघातक व्होल्टेज राहते.

काही मॉड्यूल वीज चालू असतानाही काढता-घालता येतात. असे असले तरी ती सोय आणीबाणीसाठी ठेवावी, सवयीसाठी नव्हे. साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत, जेथे अल्कोहोलची वाफ साठू शकते अशा क्षेत्रातील पॅनेलमध्ये, तो भाग वायुमुक्त असल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय चालू विजेवर मॉड्यूल किंवा टर्मिनल काढणे म्हणजे ठिणगीला आमंत्रण आहे. तेथील निळ्या रंगाच्या केबली अंगभूत सुरक्षित परिपथाच्या, म्हणजे स्फोट घडवू शकेल इतकी ऊर्जा नसलेल्या परिपथाच्या असतात. त्या बॅरियर किंवा आयसोलेटरमधूनच मॉड्यूलपर्यंत आल्या पाहिजेत आणि साध्या केबलींसोबत एकाच डक्टमध्ये कोंबता कामा नयेत.

मॉड्यूल हाताळणे आणि बसवणे

डिसेंबर ते मार्च या महिन्यांतील कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत सहज साठते. माणसाला जो झटका जाणवतही नाही, तोही मॉड्यूलमधील चिप दुखावण्यास पुरतो, आणि असे मॉड्यूल ताबडतोब बंद न पडता काही आठवड्यांनी विचित्र वागू लागते. म्हणून मनगटपट्टी लावावी, मॉड्यूल शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या मूळ पिशवीत ठेवावे आणि मागच्या कनेक्टरच्या पिनांना स्पर्श करू नये. मनगटपट्टी वापरण्याआधी वर सांगितलेली वीज तपासणी झालेली असलीच पाहिजे, कारण अर्थशी जोडलेला माणूस जिवंत तारेजवळ अधिक धोक्यात असतो.

फाउंड्रीतील पॅनेलमध्ये साठलेल्या काळ्या धुळीत कार्बन आणि लोखंडाचे कण असतात आणि ती वीजवाहक असते. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवली तर ती शेजारच्या मॉड्यूलच्या फटींत जाऊन बसते, म्हणून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. पॅनेलला ड्रिलिंग करायचे असेल तर ते मॉड्यूल बसवण्यापूर्वीच उरकावे. काही मॉड्यूलांच्या वरच्या झरोक्यांवर कचरा पडू नये म्हणून चिकटपट्टी लावलेली असते. ती ड्रिलिंग आणि वायरिंग संपेपर्यंत तशीच ठेवून वीज देण्याआधी न विसरता काढावी, नाहीतर मॉड्यूल आतून तापते.

मॉड्यूल रुळावर किंवा रॅकमध्ये सरळ सरकवून खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबावे. ते अडत असेल तर जोर न लावता पिना वाकल्या आहेत का आणि जागा चुकली आहे का ते पाहावे. रुळामार्फत अर्थ मिळणारे मॉड्यूल असेल तर ३५ मिलिमीटरच्या त्या रुळाचा पॅनेलच्या पत्र्याशी रंग खरवडून खरा धातूस्पर्श झाला पाहिजे. वर-खाली हवेसाठी माहितीपत्रकाने सांगितलेली मोकळी जागा सोडावी आणि ड्राइव्हच्या गरम हवेच्या वाटेवर मॉड्यूल येऊ देऊ नये.

जोडणी : खोटा ‘चालू’ संकेत येऊ न देणे

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबून विचार करू. २४ व्होल्टच्या सर्वसाधारण डिजिटल इनपुटसाठी आयईसी ६११३१-२ या मानकात ५ व्होल्टपर्यंत ‘बंद’ आणि पहिल्या प्रकारच्या इनपुटसाठी १५ ते ३० व्होल्ट म्हणजे ‘चालू’ असे ठरवले आहे, तर तिसऱ्या प्रकारात ‘चालू’ची मर्यादा ११ व्होल्टपासून सुरू होते. दोन मर्यादांमधला पट्टा अनिश्चित असतो. लांब केबल, गंजलेला जोड किंवा थकलेला एसएमपीएस यांमुळे संकेत त्या पट्ट्यात रेंगाळू लागला तर इनपुट मधूनच येते, मधूनच जाते. म्हणून दिवा पेटला एवढ्यावर समाधान न मानता टर्मिनलवर प्रत्यक्ष व्होल्टेज मोजावे.

सेन्सर पीएनपी (संकेताच्या तारेवर धन व्होल्टेज देणारा) की एनपीएन (संकेताची तार ऋण बाजूला जोडणारा) हे तपासून मॉड्यूलचा कॉमन त्यानुसार जोडावा. तपकिरी तार धन, निळी ऋण आणि काळी संकेताची, ही रंगांची पद्धत तीन तारांच्या डीसी प्रॉक्सिमिटी सेन्सरांत (वस्तू जवळ आल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरांत) आता बहुतेक ठिकाणी चालते. जपानी आणि तैवानी बनावटीच्या जुन्या यंत्रांवर एनपीएन सेन्सर बरेचदा आढळतात, युरोपीय यंत्रांवर बहुधा पीएनपी. निवड आपल्या हाती असेल तर पीएनपी घ्यावा, आणि त्याचे कारण सुरक्षिततेचे आहे. पुरवठ्याची ऋण बाजू अर्थ केलेली असताना पीएनपी सेन्सरची संकेताची तार सोलून यंत्राच्या सांगाड्याला टेकली, तर इनपुट बंद होते आणि यंत्र थांबते. एनपीएन जोडणीत तीच तार सांगाड्याला टेकली तर सेन्सरने काही न सांगताही इनपुट चालू दिसते. सँड प्लांटच्या कन्व्हेयरखाली, जेथे केबल सतत घासली जाते, तेथे हा फरक एखाद्याच्या हातापायाच्या किमतीचा ठरू शकतो. यासाठी २४ व्होल्टची ऋण बाजू एकाच ठिकाणी अर्थशी जोडलेली असावी. अर्थिंगची एकूण व्यवस्था आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

थांबवण्याशी संबंधित प्रत्येक संकेत एनसी (एरवी जोडलेला राहणाऱ्या) संपर्कातून घ्यावा. स्टॉप बटण, गार्ड, पुल-कॉर्ड (ओढल्यावर कन्व्हेयर थांबवणारी दोरी), पाण्याचा प्रवाह, तेलाचा दाब, या सर्वांत ‘ठीक आहे’ याचा अर्थ इनपुट चालू असाच हवा, म्हणजे तार तुटली, फ्यूज गेला किंवा टर्मिनल सुटले तर यंत्र आपोआप थांबते. इमर्जन्सी स्टॉप मात्र साध्या इनपुट मॉड्यूलच्या भरवशावर कधीही ठेवू नये. तो सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीमधून थेट पुरवठा तोडणारा असावा, आणि साध्या मॉड्यूलवर त्याची केवळ माहिती यावी.

दोन तारांच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमधून तो बंद असतानाही थोडा गळतीप्रवाह वाहतो. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात त्याची मर्यादा, बहुधा दीड मिलिअँपिअरच्या आसपास, दिलेली असते. सेन्सरची गळती त्याहून जास्त असेल तर इनपुट कधी बंदच होत नाही. ११० किंवा २३० व्होल्ट एसीच्या इनपुटवर शेजारच्या पॉवर केबलमुळे प्रेरित होणारे व्होल्टेज असाच घोटाळा करते. अशा वेळी योग्य मूल्याचा व वॅटेजचा रेझिस्टर समांतर लावावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे इंटरपोझिंग रिले (दोन परिपथांना वेगळे ठेवणारा मधला रिले) घालून पॅनेलमधील सर्व इनपुट २४ व्होल्टवर आणावेत. एमसीसीतून येणारे संकेतही अशाच पोटेन्शियल-फ्री (स्वतःची वीज नसलेल्या) संपर्कातून घ्यावेत, म्हणजे परक्या विजेचा प्रश्नच उरत नाही.

संकेताच्या केबली मोटार आणि ड्राइव्हच्या केबलींपासून वेगळ्या ट्रेमधून न्याव्यात आणि ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात. इंडक्शन भट्टीच्या आसपास विद्युत गोंगाट इतका असतो की या नियमाला तेथे सवलत देऊ नये. पॅनेलमधील रिले आणि सोलेनॉइडच्या डीसी कॉइलवर डायोड बसवावा. अ‍ॅनालॉग केबलीचे शील्ड सहसा पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करून दुसरे टोक इन्सुलेट करावे.

प्रत्येक तारेला योग्य मापाचा फेरूल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) क्रिंप करावा, दोन तारा एका फेरूलमध्ये घालायच्या असतील तर त्यासाठीचा जोड-फेरूल वापरावा, स्क्रू माहितीपत्रकातील टॉर्कने आवळून प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी आणि क्रमांकाची नळी दोन्ही टोकांना असावी. सेन्सरांच्या प्रत्येक गटाला वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एका केबलच्या शॉर्टमुळे सगळे मॉड्यूल आंधळे होणार नाही.

अ‍ॅनालॉग मॉड्यूलसाठी ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत शक्यतो निवडावा. त्यात शून्य मिलिअँपिअर म्हणजे प्रक्रियेतील शून्य नव्हे तर तुटलेली तार, हे लगेच ओळखता येते, आणि प्रोग्रॅममध्ये ३.६ मिलिअँपिअरखालील संकेत बिघाड मानावा. ट्रान्समीटर दोन तारांचा आहे की स्वतःचा पुरवठा असलेला चार तारांचा, हे न पाहता जोडल्यास दोन पुरवठे एकमेकांवर येऊन चॅनेल जळते. थर्मोकपलला (दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणाऱ्या सेन्सरला) त्याच प्रकारची कंपेन्सेटिंग केबल थेट मॉड्यूलपर्यंत न्यावी. मध्ये साधी तांब्याची तार जोडली तर त्या जोडाचे आणि पॅनेलमधील तापमान यांत जितका फरक, जवळपास तितकी चूक दिसते. थर्मोकपल तुटल्यास वाचन वरच्या टोकाला जाईल अशी मांडणी ठेवली की हीटर बंद होण्याच्या दिशेनेच चूक होते. पीटी १०० चे (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे) तपासणे सोपे आहे : ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम.

खानापूरच्या बाजूला पावसाचा जोर मोठा असतो आणि एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात विजा कडाडतात. यार्ड, वजनकाटा, पाण्याच्या टाक्या अशा उघड्यावरून येणाऱ्या संकेतांना पॅनेलच्या प्रवेशाशीच सर्ज प्रोटेक्टर लावावा, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून आत घ्यावी आणि ग्लँडपूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून आत शिरत नाही.

वीज देणे आणि पडताळणी

केबलींचे इन्सुलेशन मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजायचे असेल तर ते मॉड्यूलचा टर्मिनल ब्लॉक काढून, आणि दुसऱ्या टोकाचा सेन्सरही सोडवूनच मोजावे. ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या मॉड्यूलवर फिरवला तर इनपुट जळतात.

पहिल्यांदा वीज देताना टर्मिनल ब्लॉक मॉड्यूलपासून अलग ठेवावा. यूपीएस आणि एसएमपीएस चालू करून प्रत्येक टर्मिनलवर अपेक्षित व्होल्टेज योग्य ध्रुवतेने येते का आणि कोठे २३० व्होल्ट तर आलेले नाहीत ना, हे मोजावे. सर्व बरोबर असेल तर पुन्हा वीज बंद करून ब्लॉक बसवावा. मोटारींचे फीडर अजूनही कुलूपबंद असावेत आणि हवेचा दाब बंद असावा. मग एकाने यंत्राजवळ जाऊन प्रत्येक सेन्सर खऱ्या अर्थाने चालवावा, म्हणजे गार्ड उघडावा, पुल-कॉर्ड ओढावी, फ्लोट उचलावा, आणि दुसऱ्याने मॉड्यूलवरील दिवा व प्रोग्रॅममधील पत्ता दोन्ही जुळतात का ते बोलून सांगावे. पॅनेलमध्ये वायरने टर्मिनल शॉर्ट करून घेतलेली तपासणी ही सेन्सरपर्यंतची तपासणी नव्हे. यानंतर थांबवण्याशी संबंधित प्रत्येक इनपुटची तार मुद्दाम सोडवून यंत्र थांबण्याच्या अवस्थेत जाते का हे पाहावे. ही पायरी घाईत वगळली जाते, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. अ‍ॅनालॉग चॅनेलवर लूप कॅलिब्रेटरने ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देऊन वाचन लिहून काढावे.

चाचणीसाठी प्रोग्रॅममध्ये एखादे इनपुट फोर्स केले (सेन्सर काहीही सांगो, ते सक्तीने चालू किंवा बंद ठेवले) असेल तर त्याची नोंद लगेच कागदावर करावी आणि काम संपताना प्रत्येक फोर्स काढून टाकल्याचे स्क्रीनवर दोघांनी पाहावे. फोर्स तसाच राहिला तर गार्ड उघडा असूनही पीएलसीला तो बंदच दिसतो, आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

त्यानंतर ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढावे, जोडणीचा बदललेला नकाशा तारीख घालून पॅनेलच्या दारातील खिशात ठेवावा, प्रोग्रॅमची नवी प्रत जपून ठेवावी, आणि कोणते इनपुट कोठे आले, काय बदलले हे शिफ्ट इनचार्जला त्याला समजेल त्या भाषेत सांगून यंत्र त्याच्या ताब्यात द्यावे. यंत्राच्या थरथराटाने आणि उष्णतेने नवे स्क्रू सैल पडतात, म्हणून काही आठवडे यंत्र चालल्यानंतर पुन्हा रीतसर वीज बंद करून टर्मिनलांचा टॉर्क एकदा तपासावा.